उसनी पाठ

मंदाबाई निखारेंना ओरडायची सोय राहिली नव्हती.

ऑपरेशनला एकसष्ट दिवस झाले होते. पाठीतली कळ गेली होती, डाव्या पायातल्या मुंग्या गेल्या होत्या, वाकून चपलेचा पट्टा लावता येत होता. सगळं कसं छान. फक्त आवाज चढवला की पाठ आवळायची. कमरेच्या थोडं वर, मणक्याच्या दोन्ही अंगांना, आतून कुणी मूठ वळावी तशी. दुखायचं नाही, पण पुढचा शब्द घशातून बाहेर यायचा नाही.

त्या दिवशी सकाळी अंगणात वाळत घातलेल्या टसरच्या लडीत शेजारच्यांच्या बकरीनं तोंड घातलं. मंदाबाई ओसरीवरून कडाडल्या, "ए भवाने! कोणाच्या बापाचं सूत समजू—" आणि तिथंच थांबल्या. हात वर, तोंड उघडं. बकरीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि निवांत दुसरी लड ओढली.

"पुतळा काहून झाली वं?" नवरा देवीदास आतून म्हणाला.

मंदाबाईंचं पित्त खवळलं. पण खवळलेल्या पित्ताचं करायचं काय, हाच तर प्रश्न होता. त्यांनी दोनदा श्वास सोडला, पाठ सैल होऊ दिली, खाली उतरल्या आणि बकरीला शिंगाला धरून, एक शब्द न बोलता, फाटकाबाहेर नेऊन सोडलं. छप्पन वर्षांच्या आयुष्यात एखाद्या बकरीला त्यांनी इतक्या अदबीनं वागवलं नव्हतं.

मग त्यांनी नागपूरच्या इस्पितळाला फोन लावला. पलीकडे यंत्राचा गोड आवाज होता. "तुमची वेदना एक ते दहापैकी किती आहे?"

"वेदना नाही. आवळते."

"कृपया अंक सांगा."

"अहो बाई, दुखत नाही म्हणतो ना! बोललं का आवळ—"

"आपला प्रतिसाद ऐकू आला नाही. कृपया अंक सांगा."

मंदाबाईंनी फोन पाटावर उलटा ठेवला.

हे सगळं कशामुळं झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. अर्धं ठाऊक होतं. आणि ते अर्धं सांगायची चोरी होती.

मोहाडीच्या निखाऱ्यांच्या घरात हातमाग एकच आणि विणणाऱ्या जावा दोन. मंदाबाई थोरल्या, जोत्स्ना धाकटी. नवऱ्यांनी माग केव्हाच सोडला होता. देवीदास नळयोजनेच्या टाकीवर कामाला, धाकटा भंडाऱ्याच्या गोदामात. बायकांनी मात्र करवतकाठी चालू ठेवली होती, ती काठावर करवतीच्या दातांची नक्षी असलेली टसरची साडी. तिला दोन माणसं लागतात. आडवा धागा वाहून नेणारे दोन्ही काठांचे धोटे वेगळे, मधल्या कापडाचा वेगळा. एकीनं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मुख्य जागी बसायचं, दुसरीनं बाजूच्या पाटावर बसून काठाचा धोटा परत फेकायचा. एक थकली की दुसरीनं तिच्या जागी सरकायचं. घराचा नियम सरळ होता: माग थांबू द्यायचा नाही, आणि हात कुठं बदलला ते कापडावर दिसू द्यायचं नाही.

सव्वीस वर्षं हे चाललं होतं. सव्वीस वर्षं मंदाबाई जोत्स्नाच्या चुका काढत आल्या होत्या. ती दर थोड्या वेळानं मागं रेलते, खांदे सोडते, उगाच उठून पाणी पिते, हे त्यांच्या डोळ्यात सलायचं. स्वतः त्या एकदा बसल्या की चार-चार तास हलत नसत. डावीकडे कलून, श्वास रोखून, धागा घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोक असा देत की कापड पाहून व्यापारी म्हणायचे, हा मंदाबाईंचा हात. त्याच बसण्यानं अखेर त्यांच्या मणक्यातली गादी सरकवली.

ऑपरेशनचं नाव काढताच त्यांना सासूबाई आठवल्या. सासूबाईंची पाठ जुन्या पद्धतीनं वीतभर चिरली होती. मणका दुरुस्त झाला, पण बाई पुढं आयुष्यभर आधाराशिवाय बसल्या नाहीत.

"त्याचं कारण मणका नव्हतं, स्नायू होता," डॉक्टर वंजारींनी समजावलं होतं. "मणक्याला अगदी चिकटून छोटे-छोटे स्नायू असतात. आपण हात उचलायच्या आधीच ते आवळतात आणि मणका जागेवर धरतात. आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. जुन्या ऑपरेशनमध्ये हाडापर्यंत पोचायला ते खरवडून बाजूला करावे लागत. त्यांची नस तुटे, रक्तपुरवठा तुटे, आणि काही महिन्यांत स्नायूच्या जागी नुसती चरबी. आता आम्ही बोटाएवढी नळी धाग्यांच्या मधून सारतो. धागे बाजूला होतात, तुटत नाहीत. नळी काढली की परत मिटतात."

"मंग झालं तं," मंदाबाई म्हणाल्या.

"अर्धंच झालं. तुमचा स्नायू शाबूत राहील, पण तो झोपलेला आहे. चार वर्षं दुखल्यामुळं मेंदूनं त्याला हाक मारणं सोडून दिलंय. म्हणून नळी काढता-काढता आम्ही तिथं केसाएवढी एक तार ठेवून येतो. ती त्याला वेळेवर हाक मारते. नव्वद दिवस ऐकलं की त्याला सवय लागते. मग तार बंद पडली तरी चालतं."

त्या तारेला इस्पितळानं नाव दिलं होतं जागल्या.

आता, हाक कधी मारायची हे जागल्याला कळावं कसं? त्यासाठी ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस, रोज सहा तास, एक पट्टा कमरेला बांधून नेहमीचं काम करायचं होतं. कुठल्या हालचालीच्या आधी पाठ कशी आवळते, हे पट्टा टिपून घेणार. पट्ट्याला कानही होते, कारण विणणाऱ्याचं शरीर आवाजावर चालतं. फणीचा ठोक पडला की पुढच्या क्षणी पाठीनं काय करायचं ते ठरलेलं असतं. शब्द पट्टा साठवत नसे. आवाजाचा नुसता चढ-उतार, आणि त्यापाठोपाठ स्नायूनं काय केलं ते.

पहिल्या दिवशी मंदाबाई मागावर वीस मिनिटं बसल्या आणि रडकुंडीला येऊन खाटेवर पडल्या. संध्याकाळी पट्टा बोलला, "आज पाच तास चाळीस मिनिटं कमी. तास पूर्ण न झाल्यास शस्त्रक्रियेची तारीख पुढं जाईल." तारीख चार महिन्यांनी मिळाली होती. ती पुढं गेली असती तर पाऊस, दिवाळी, सगळंच हुकलं असतं.

"पुढं जाईल म्हणते मेली," मंदाबाई म्हणाल्या.

जोत्स्ना मागावरच बसली होती. एकटीच, दोन्हीकडे हात पुरवत. ती म्हणाली, "बाई, तासच भरायचे हायेत ना? मंग द्या इकडे. मी बसलीच हावो."

दोघींपैकी एकीलाही यात काही वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं एकीचे तास दुसरीनं भरले होते, तसेच हे भरायचे. सकाळी पट्टा अंगठा मागायचा. मंदाबाई खाटेवर पडल्या-पडल्या अंगठा द्यायच्या आणि जोत्स्ना पट्टा कमरेला बांधून खड्ड्यात पाय सोडायची. बांधा दोघींचा सारखाच. पंधरा दिवस अंगठा थोरलीचा आणि पाठ धाकटीची. पंधराव्या दिवशी पट्ट्यानं अभिनंदन केलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मंदाबाई चालल्या, तिसऱ्या दिवशी घरी आल्या. पाठीवर दोन छोट्या पट्ट्या, बस. महिन्यानं डॉक्टरांनी मागावर बसायची परवानगी दिली.

त्या बसल्या, पाच-सात ठोक दिले आणि त्यांची पाठ आपणहून मागं रेलली.

मंदाबाई थबकल्या. पुन्हा सुरुवात केली. थोड्या वेळानं खांदे सुटले, पाठ सरळ झाली, श्वास मोकळा झाला. त्या डावीकडे कलायला गेल्या की आतून कुणी तरी उजवीकडे सारायचं. अकराव्या मिनिटाला उठावंसं वाटलं. उठून पाणी प्यावंसं वाटलं.

"जोत्स्ना," त्या हळूच म्हणाल्या, "हे तं तुहं बसणं हाये."

जोत्स्ना बाजूच्या पाटावर होती. तिनं पाहिलं आणि ओठ दाबले. हसू आवरता येईना तेव्हा पदर तोंडाशी नेला.

मंदाबाईंनी कपाळाला हात लावला. ज्या बसण्याला जन्मभर नावं ठेवली, तेच नेमकं अंगात येऊन बसलं होतं. कापडही तसंच उतरू लागलं. ठोक हलका, सारखा, निराळा. व्यापारी म्हणाला, "हे धाकट्या बाईचं काम दिसते." मंदाबाईंनी त्याला चहा दिला नाही.

बरं, सांगायचं कुणाला? पट्टा दुसरीनं बांधला हे इस्पितळाला कळलं तर त्यांनी हात वर केले असते. म्हणून दोघी गप्प बसल्या. बसणं एक वेळ चाललं असतं. पाठ दुखत नव्हती हे मंदाबाईंना, नाइलाजानं का होईना, कबूल करावं लागत होतं.

पण मग ते आवळणं सुरू झालं. आधी वाटलं, जड उचललं म्हणून असेल. मग वाटलं, गारठ्यामुळं. मग लक्षात आलं, की गॅसवाल्याशी भांडताना आवळते, देवीदासला हाक मारताना आवळते, जोत्स्नाची चूक काढताना तर हमखास. कधी-कधी नुसतं खाटेवर बसताना, खाट करकरली की. आणि मागावर आवळलं की फणी हातात तशीच राहायची. एका दिवसात तेरा वेळा माग थांबला. नव्वद दिवस भरले की हे कायमचं बसणार होतं. कायमचं. म्हणजे मंदाबाईंनी माग सोडायचा आणि अंगणात बकऱ्या हाकलायच्या, त्याही मुक्यानं.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी त्या देवीदासला घेऊन पहाटेच्या बसनं नागपूरला गेल्या. घरी माग थांबू नये म्हणून जोत्स्ना मागं राहिली. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. देवीदास चहा प्यायला खाली गेला. जागल्याची तपासणी करणारी मुलगी, ऐश्वर्या ठवरे, तिनं मंदाबाईंच्या पाठीला एक थंड चकती लावली आणि पडद्यावर रेघा आणल्या.

"काकू, स्नायू तर मस्त जागा झालाय. चरबी नावाला नाही. काय त्रास आहे?"

"बोललं का आवळते."

"म्हणजे खोकल्यावर?"

"नाही."

"हसल्यावर?"

"नाही म्हणतो ना. बोलल्यावर."

"आता तर बोलताय."

"अवं पोरी, असं नाही!" मंदाबाईंचा तोल गेला. "जोरानं! तुमच्या त्या फोनवालीलेही समजत नाही अन् तुलेही समज—"

पाठ आवळली. पडद्यावरची खालची रेघ एकदम वर उसळली. ऐश्वर्या पुढं वाकली.

"थांबा, थांबा. हे काय आहे?" तिनं जुनी नोंद उघडली, पट्ट्याची, पंधरा दिवसांची. वर आवाजाची रेघ, खाली स्नायूची. "हा फणीचा ठोक, आणि हा त्याचा प्रतिसाद. बरोबर. हा धोट्याचा. हाही बरोबर. पण हा एक आवाज वेगळाच आहे. तो आला की स्नायू आवळतो आणि चार-पाच श्वास सुटतच नाही. आता तुम्ही बोललात ना, त्याच्याशी जुळवून पाहते." यंत्रानं क्षणभर विचार केला. "काकू, हा तुमचाच आवाज आहे."

"मंग?"

"मग हे जरा विचित्र आहे. स्वतःच्या आवाजाला कुणी दचकत नाही."

मंदाबाईंनी पदर नीट केला.

"तो पट्टा," त्या म्हणाल्या, "मी नव्हता बांधला."

त्यांनी सगळं सांगितलं. तास, अंगठा, खाट, सगळं. ऐश्वर्यानं आधी डोळे मोठे केले, मग हसली, मग हसता-हसता पडद्याकडे वळली आणि तिचं हसणं हळूहळू कमी झालं.

"म्हणजे तुम्ही तिच्या मागं खाटेवर होता."

"हो."

"आणि बोलत होता."

"कामात चुका झाल्या तं बोलाच लागते."

"काही ठिकाणी तर आवाजाच्या आधीच आवळलंय. इथं बघा. आधी एक बारीक करकर, तेवढ्यातच पाठ ताठ, आणि तुमचा आवाज त्यानंतर."

मंदाबाईंना ती करकर कळली. जोत्स्नाचा धोटा कुठं चालला ते पाहायला त्या खाटेवर कोपरावर उठायच्या, तेव्हा खाट वाजायची. आपण कोपरावर उठलो की ती कशी लगेच नीट ताठ बसते, हेही त्यांनी कितीदा पाहिलं होतं. त्यांना वाटायचं, वळण लावलं आपण. शेजारणींना सांगायच्याही तसं.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"पंधरा दिवसांत? सहाशे बारा."

मंदाबाईंनी मनातल्या मनात पंधरा दिवसांवरून महिन्यावर, महिन्यावरून वर्षावर जायला सुरुवात केली आणि पहिल्याच वर्षाला सोडून दिलं. त्यांनी सोसले होते जेमतेम दोन महिने. तेवढ्यात जीव मेटाकुटीला आला होता, बसचं भाडं खर्चून नागपूर गाठलं होतं, यंत्राला आणि यंत्र करणाऱ्यांना शिव्या देऊन झाल्या होत्या. त्यांना एकदम फार लाज वाटली. आणि लाजेबरोबर, सवयीनं, थोडा रागही आला. मग बोलली का नाही कधी, भवानी?

"घाबरू नका," ऐश्वर्या म्हणाली. "सगळं नवीन शिकवायला आता दिवस उरले नाहीत. पण बसण्याची पद्धत राहू द्या, ती तुमच्या जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी चांगली आहे. एवढा एक प्रतिसाद तेवढा पुसून टाकते. पाच मिनिटांचं काम आहे. पुसू?"

कुणी म्हणेल, मंदाबाईंनी नाही म्हणायला हवं होतं. शिक्षा म्हणून ठेवायला हवं होतं. पण त्यांना माग चालवायचा होता, आणि तेरा वेळा थांबणाऱ्या मागावर साडी होत नाही.

"पुसा," त्या म्हणाल्या.

ऐश्वर्यानं पुसलं. मग म्हणाली, "आता ओरडा जोरात." मंदाबाईंनी भिंतीकडे पाहून कुणाला तरी एक हाक मारली. पाठ सैलच राहिली.

"झालं," ऐश्वर्या म्हणाली आणि चकती काढू लागली.

"अन् तिची?"

"कुणाची?"

"माह्या जावेची. तिची पुसता येते का?"

मुलीनं हात थांबवला. "तिच्या पाठीत तार कुठं आहे, काकू? तिला कुणी यंत्रानं थोडंच शिकवलंय."

परतीच्या बसमध्ये देवीदासनं तीनदा विचारलं, झालं का नीट. तीनदा मंदाबाई हो म्हणाल्या. चौथ्यांदा त्यानं विचारलं नाही. बायको एवढी शांत असण्याची त्याला सवय नव्हती.

घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरत होतं. आत माग चालू होता. जोत्स्ना एकटीच बसली होती, दाराकडे पाठ करून, खांदे सोडून, स्वतःच्या चालीनं. ठोक ऐकून मंदाबाई उंबऱ्याशी थांबल्या. त्यांनी चपला काढल्या. एक चपल दुसरीवर पडून वाजली, एवढंच.

समोरची पाठ ताठ झाली.

मंदाबाईंनी ते पाहिलं. ब्लाउजच्या खाली, मणक्याच्या दोन्ही अंगांना, अगदी त्याच जागी. त्या आत गेल्या, बाजूच्या पाटावर बसल्या आणि काठाचा धोटा हातात घेतला. दोन-चार फेऱ्या टाकल्या. जोत्स्नानंच विचारलं.

"काय म्हणले बाई, डॉक्टर? माह्यामुळं काही बिघडलं तं नव्हतं?"

"नाही. पुसून देलं तिनं."

"खरं?" जोत्स्नाचा चेहरा उजळला. गेले दोन महिने तीही आतून कुढत होती, आपण पट्टा बांधला म्हणून. "मंग पाहा ना एकदा."

"काय?"

"ओरडून पाहा ना माह्यावर! आवळते का ते पाहा. हे पाहा, इथं दात चुकला हाये माहा, खरंच चुकला. बोला."

तिनं हातातली फणी धरून ठेवली. मान थोडी खाली घातली, पाठ ताठ केली आणि थांबली. तिला मदत करायची होती.

मंदाबाईंनी करवतीचा चुकलेला दात पाहिला. ठळक चुकला होता. त्यांनी तोंड उघडलं. आवाज होता, श्वास होता, पाठ मोकळी होती. कुठं काही अडत नव्हतं.

"नाही आवळत," त्या म्हणाल्या. "माही नाही आवळत."